दफ्तर कोणी सांभाळावे? : राउटरांतील नियुक्त आणि नायब यांच्या निवडीचा आढावा

समान दर्जाच्या अनेकांनी मिळून एखादे काम चालवावयाचे ठरले, म्हणजे त्या कामाची नोंद कोणी ठेवावी हा प्रश्न कामाच्याही आधी उभा राहतो; आणि ज्या संगणक-जाळ्यांवर आज आपला पत्रव्यवहार, बँकांचे हिशेब आणि रेल्वेची आरक्षणे अवलंबून आहेत, त्या जाळ्यांतील राउटर नावाच्या यंत्रांचीही या प्रश्नातून सुटका झालेली नाही. राउटर हा वाटाड्या होय. आलेले पाकीट कोणत्या वाटेने पुढे धाडावे हे तो ठरवितो, आणि ते ठरविता यावे म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या वाटा शेजारच्या राउटरांना कळवून त्यांच्याकडून त्यांच्या वाटा जाणून घेतो. असे पाच-दहा राउटर एकाच स्विचवर जोडलेले असले, म्हणजे त्यांच्यापैकी एकाकडे ‘डेझिग्नेटेड राउटर’ म्हणजे नियुक्त राउटर हे पद जाते, आणि दुसरा ‘बॅकअप डेझिग्नेटेड राउटर’ म्हणजे त्याचा नायब होतो. या क्षेत्रातील मंडळी त्यांना थोडक्यात डीआर आणि बीडीआर म्हणतात, व उरलेल्यांना डीआर-अदर. ही पदे कशासाठी निर्माण झाली, ती कोणाला व कोणत्या रीतीने मिळतात, एकदा मिळालेले पद केव्हा जाते, आणि एकाच प्रश्नाला निरनिराळ्या नियमसंहितांनी परस्परविरुद्ध वाटणारी उत्तरे का दिली, याचा साकल्याने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाचा उगम

आरंभीच्या जाळ्यांत प्रत्येक राउटर आपल्या अंतरांचा तक्ता शेजाऱ्याला देई, शेजारी त्यावरून आपला तक्ता सुधारून पुढच्याला देई, आणि अशा रीतीने जाळ्याचे ज्ञान कर्णोपकर्णी पसरत असे. यात एखादी तार तुटल्याची वार्ता फार सावकाश पोहोचे, आणि कित्येकदा दोन राउटर एकमेकांच्या जुन्या माहितीवर विसंबून पाकिटे परस्परांकडेच फिरवीत बसत. अमेरिकेतील आर्पानेट जाळ्यावर १९७९ साली ही पद्धत बदलण्यात आली. जॉन मॅक्विलन, आयरा रिचर आणि एरिक रोझन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वर्णिलेल्या नव्या पद्धतीत प्रत्येक राउटर केवळ आपल्याला प्रत्यक्ष जोडलेल्या तारांचा दाखला काढतो. तो दाखला जसाच्या तसा सर्वांपर्यंत पोहोचतो. सर्वांजवळ एकसारखे दफ्तर तयार होते. आणि त्या दफ्तरावरून एड्स्खर डाइकस्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या गणिताने जो तो आपापला सर्वांत जवळचा मार्ग काढतो. या पद्धतीला लिंक-स्टेट पद्धत असे नाव पडले, आणि सर्वांचे दफ्तर तंतोतंत सारखे असले पाहिजे ही तिची एकमेव पण कठोर अट ठरली.

आर्पानेटच्या तारा दोन टोकांच्या होत्या, त्यामुळे दफ्तर जुळविण्याचा व्यवहार दोघांपुरताच असे. ईथरनेट आले आणि एकाच माध्यमावर अनेक राउटर समोरासमोर उभे राहिले, तेव्हा प्रत्येकाने प्रत्येकाशी दफ्तर जुळवावे असा नियम केला तर काय होईल याचा हिशेब मांडणे भाग पडले. दहा राउटर असतील तर अशी ४५ नाती होतात, वीस असतील तर १९०, आणि पन्नास असतील तर १,२२५. शिवाय प्रत्येक राउटरने आपल्या दाखल्यात इतर नऊ जणांची नावे लिहावयाची म्हटल्यास दहा राउटरांच्या एका छोट्या जाळ्यासाठी ९० नोंदी दफ्तरात चढतात. यावर उपाय असा निघाला की, ते सामायिक माध्यम हाच जणू एक स्वतंत्र राउटर आहे असे कल्पावे. प्रत्येकाने ‘मी या माध्यमाला जोडलेला आहे’ एवढेच लिहावे, आणि माध्यमाच्या वतीने ‘मला हे हे दहा जण जोडलेले आहेत’ असा एकच दाखला निघावा. असे केल्याने ९० नोंदींच्या जागी २० पुरतात. परंतु निर्जीव तारेला लेखणी धरता येत नाही. तिच्या वतीने कोणा एका राउटरने लिहिले पाहिजे, आणि तो कोणी, या प्रश्नातूनच नियुक्त राउटरचे पद जन्माला आले. ही कल्पना प्रथम आयएस-आयएस या संहितेत आली. जॉन मॉय यांनी लिहिलेल्या ओएसपीएफ या संहितेने ते ऋण उघडपणे मान्य करून कल्पनेचा विस्तार केला. ओएसपीएफचा पहिला मसुदा आरएफसी ११३१ या नावाने ऑक्टोबर १९८९ मध्ये निघाला, आणि आज प्रमाण मानली जाणारी दुसऱ्या आवृत्तीची संहिता, आरएफसी २३२८, एप्रिल १९९८ मध्ये.

पदाचे स्वरूप

या पदाविषयी नवख्यांमध्ये एक गैरसमज सरसहा आढळतो, तो प्रथम दूर केला पाहिजे. नियुक्त राउटर हा रहदारीचा नाका नव्हे. त्याच माध्यमावरील एका राउटरला दुसऱ्याकडे पाकीट धाडावयाचे असेल तर ते थेट धाडले जाते. नियुक्ताच्या हातून त्याने जावे असा नियम नाही. नियुक्ताकडे दोनच कामे असतात. पहिले, माध्यमाच्या वतीने नेटवर्क-एलएसए नावाचा दाखला काढणे. आणि दुसरे, कोणाही राउटरकडून आलेली नवी वार्ता सर्वांना वाटून ती पोहोचल्याची खातरजमा करणे. म्हणजे तो हुकूम सोडणारा सरदार नसून दफ्तर सांभाळणारा कारकून आहे, आणि त्याचे महत्त्व कारकुनाच्याच जातीचे आहे: तो चोख असला तर कोणाच्या ध्यानीही येत नाही, आणि तो चुकला तर सर्वांचा कारभार अडतो.

वार्ता वाटण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. सामान्य राउटरला काही कळवावयाचे असले म्हणजे तो २२४.०.०.६ या पत्त्यावर पाठवितो. हा पत्ता केवळ नियुक्त आणि नायब हे दोघेच ऐकतात. मग नियुक्त ती वार्ता २२४.०.०.५ या पत्त्यावर पुन्हा उच्चारतो, आणि तो पत्ता सर्वच ऐकतात. नायबाने सर्व ऐकावयाचे, आपल्या दफ्तरात सर्व नोंदवावयाचे, प्रत्येक राउटरशी दफ्तर जुळवून तयार राहावयाचे, परंतु नियुक्त बोलत आहे तोवर आपण वाटपासाठी तोंड उघडावयाचे नाही. मात्र ठराविक अवधीत, जो सामान्यतः पाच सेकंदांचा असतो, पोच मिळाली नाही तर तीच वार्ता तो स्वतः पुन्हा धाडतो. पेशवाईतील मुतालिक ज्याप्रमाणे धन्याच्या गैरहजेरीत शिक्का चालवी, त्याप्रमाणे या नायबाला पद स्वीकारताना काहीही नव्याने शिकावे लागत नाही. सामान्य राउटरांची आपसांत केवळ तोंडओळख राहते, तिला ‘टू-वे’ अवस्था म्हणतात. पूर्ण जुळणी, म्हणजे ‘फुल’ अवस्था, केवळ या दोघांशी. त्यामुळे दहा राउटरांमधील ४५ नात्यांच्या जागी १७ उरतात आणि वीस जणांच्या १९० च्या जागी ३७.

निवडीची रीत

निवडणूक हा शब्द येथे रूढ झाला असला तरी मतपेटी, मतमोजणी आणि निकाल जाहीर करणारा अधिकारी यांपैकी काहीच येथे नाही. प्रत्येक राउटर दर दहा सेकंदांनी ‘हॅलो’ नावाची हजेरी लावतो, आणि तीत आपला क्रमांक, आपली प्रायॉरिटी म्हणजे अग्रक्रम, आपण कोणाला नियुक्त मानतो, कोणाला नायब मानतो, आणि आपल्याला कोणाकोणाची हजेरी ऐकू आली, हे सर्व लिहितो. या हजेऱ्या सर्वांना सारख्याच ऐकू येतात, सर्वांजवळ नियम एकच असतो, आणि म्हणून प्रत्येकाने आपल्या जागी बसून स्वतंत्रपणे हिशेब केला तरी सर्वांचे उत्तर एकच येते. एकमत घडवून आणण्यासाठी चर्चा करावी लागत नाही. सारखी माहिती आणि सारखा नियम यांतून ते आपोआप निष्पन्न होते.

नियमाचा गाभा असा. अग्रक्रम ० ते २५५ यांपैकी एक आकडा असतो; ज्याचा शून्य, तो उमेदवारच नव्हे. ज्याच्याशी अद्याप परस्पर ओळख पटलेली नाही, त्याचाही विचार होत नाही. उरलेल्यांत प्रथम नायब निवडावयाचा, आणि तोही जे स्वतःला नियुक्त म्हणवीत नाहीत त्यांच्यातूनच. स्वतःला आधीपासून नायब म्हणविणारे कोणी असतील तर त्यांना प्राधान्य, त्यांत ज्याचा अग्रक्रम मोठा तो, आणि अग्रक्रम सारखा असल्यास ज्याचा राउटर-क्रमांक मोठा तो. त्यानंतर नियुक्त पाहावयाचा: जे स्वतःला नियुक्त म्हणवितात त्यांच्यातून त्याच कसोटीने, आणि तसे कोणीच नसेल तर आत्ताच निवडलेला नायब नियुक्त होतो. शेवटी, या हिशेबात आपले स्वतःचे पद बदलले असे ज्याला दिसेल त्याने हिशेब पुन्हा एकदा करावयाचा, म्हणजे एकच राउटर नियुक्तही आणि नायबही अशी विसंगती राहत नाही. नायबाची निवड आधी आणि नियुक्ताची नंतर, हा क्रम प्रथमदर्शनी उलटा वाटतो. पण त्यातच संहिताकारांची दूरदृष्टी आहे, कारण नियुक्त पडला असता सिंहासन रिकामे न राहता ते सज्ज नायबाकडेच जावे ही गोष्ट त्या क्रमाने नियमातच गोवली गेली.

प्रयोगाच्या टेबलावर तीन राउटर एका स्विचला जोडून मी हा व्यवहार अनेकदा पाहिला आहे, आणि विद्यार्थ्यांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा असे मला मनापासून वाटते. तिघांचे क्रमांक १.१.१.१, २.२.२.२ आणि ३.३.३.३ ठेवावे, अग्रक्रम सर्वांचा एक, आणि प्रथम फक्त पहिला चालू करावा. पडद्यावर त्याच्या नावापुढे ‘वेटिंग’ असा शब्द उमटतो, आणि चाळीस सेकंद तो तसाच राहतो: आपल्या आधी कोणी पदावर आहे काय, याची तो वाट पाहतो. मुदत संपली, कोणी बोलले नाही, म्हणजे तो हिशेबाच्या पहिल्या फेरीत नायब आणि त्याच क्षणी नियुक्त ठरतो, दुसऱ्या फेरीत नायबपद सोडतो, आणि एकटाच नियुक्त म्हणून उरतो. मग दुसरा चालू करावा. त्याला चाळीस सेकंद थांबावे लागत नाही. ‘नियुक्त मी, नायब कोणी नाही’ अशी पहिल्याची हजेरी त्याला ऐकू येते, पहिल्याने आपल्याला ओळखले आहे हेही तीत दिसते, आणि तो तत्काळ नायब होतो. शेवटी तिसरा चालू करावा. क्रमांकाने तोच सर्वांत मोठा, कसोटीने पद त्याचेच. परंतु दोन्ही जागा भरलेल्या पाहून तो मुकाट्याने डीआर-अदर होतो. आता पहिल्याची तार उपटावी: चाळीस सेकंद हजेरी आली नाही म्हणजे इतर दोघे त्याला मृत समजतात, दुसरा नियुक्त होतो, तिसरा नायब, आणि तार परत जोडली तर काही वेळापूर्वी पदावर असलेला पहिला राउटर कसलाही दावा न सांगता सामान्यांच्या रांगेत उभा राहतो.

पदाचे स्थैर्य

या शेवटच्या दृश्यात या संहितेचे मर्म साठविलेले आहे. ओएसपीएफ सर्वांत लायक राउटर शोधीत नाही. ती बसलेल्या राउटरला बसू देते. अधिक अग्रक्रमाचा, अधिक बलवान राउटर नंतर आला तरी तो पदच्युती घडवून आणू शकत नाही. याचे कारण दफ्तराच्या रचनेत आहे. माध्यमाच्या वतीने निघणाऱ्या दाखल्यावर ओळख म्हणून नियुक्ताचाच पत्ता असतो. नियुक्त बदलला म्हणजे नकाशावरील तो काल्पनिक बिंदूच पुसला जाऊन नव्या नावाने उमटतो, सर्वांना आपले दाखले त्या नव्या नावाने पुन्हा काढावे लागतात, ते त्या क्षेत्रातील, म्हणजे एकच दफ्तर सांभाळणाऱ्या राउटरांच्या समूहातील, शेवटच्या राउटरपर्यंत पोहोचवावे लागतात, आणि प्रत्येकाला डाइकस्ट्रांचे गणित पुन्हा मांडावे लागते. एका माध्यमावरील पदबदलाची किंमत अशा रीतीने शेकडो कोस दूरच्या राउटरांना मोजावी लागते. एखादा बलवान पण विद्युत्पुरवठा कच्चा असलेला राउटर दर तासाला पडून उठत असेल, आणि प्रत्येक वेळी पद परत मागत असेल, तर सारे क्षेत्र त्याच्या उठण्या-पडण्याने हादरत राहील. हे टाळण्यासाठीच स्थैर्याला लायकीहून वरचे स्थान देण्यात आले.

या स्थैर्याची दुसरी बाजूही मी अनुभवली आहे. एका कार्यालयाच्या जाळ्याची जबाबदारी माझ्याकडे असताना पावसाळ्यातील एका रात्री वीज गेली आणि पहाटे परत आली. तेथील दोन मोठ्या राउटरांना जागे होण्यास कित्येक मिनिटे लागत, आणि कोपऱ्यातील एक जुना, लहान राउटर मात्र क्षणार्धात उभा राहिला. त्याने आपले चाळीस सेकंद मोजले आणि नियुक्तपद घेतले. वाटा सर्व चालू होत्या, तक्रार कोणाची नव्हती. पण जाळ्यात कोठे काही हलले की त्या लहान यंत्राचा जीव मेटाकुटीस येई, आणि शेजारसंबंध तुटून पुन्हा जुळत. मोठ्या राउटरांचे अग्रक्रम मी शंभरपर्यंत वाढविले, आणि काहीच झाले नाही, कारण बसलेल्याला उठविण्याची ताकद मोठ्या आकड्यात नाही. शेवटी त्या लहान राउटरचा अग्रक्रम शून्य केला, तो अपात्र ठरला, आणि नायब असलेल्या मोठ्या राउटरने कारभार हाती घेतला. हा आकडा मी प्रथमच लिहावयास हवा होता. चूक माझी होती, संहितेची नव्हे.

इतर संहितांची उत्तरे

आयएस-आयएस संहितेने, जी १९९२ साली आयएसओ १०५८९ या प्रमाणकाच्या रूपाने स्थिर झाली, याच पदाविषयी नेमका उलटा नियम केला. तेथे नायब नाही, आणि स्थैर्यही नाही: अधिक अग्रक्रमाचा राउटर आला की त्याने तत्काळ पद घ्यावे. अग्रक्रम ० ते १२७, सर्वसाधारणतः ६४, आणि बरोबरी झाल्यास ज्याचा यंत्र-पत्ता मोठा तो. शून्य अग्रक्रमानेही उमेदवारी जात नाही. हे परवडते, कारण तेथे सर्व राउटर एकमेकांचे पूर्ण शेजारी असतात आणि नियुक्त दर दहा सेकंदांनी संपूर्ण दफ्तराची सूची वाचून दाखवितो; ज्याच्याकडे एखादी नोंद कमी असेल तो ती मागून घेतो. नियुक्त गेला तरी जुळलेली दफ्तरे मोडत नाहीत, म्हणून सज्ज नायब बाळगण्याची निकड भासत नाही.

व्हीआरआरपी या संहितेतील पद निराळ्या कामाचे आहे. एखाद्या कचेरीतील संगणकांना बाहेर पडण्याचे दार म्हणून एकच पत्ता सांगितलेला असतो. त्या पत्त्याच्या नावाने कोणत्या राउटरने उत्तर द्यावे, एवढाच तेथे प्रश्न. एप्रिल १९९८ मध्ये आरएफसी २३३८ म्हणून आलेल्या या संहितेत मुख्य राउटर दर सेकंदाला आपली द्वाही फिरवितो, आणि तीन द्वाह्या चुकल्यावर नायब पुढे येतो. पण सर्व नायबांनी एकदम उठू नये म्हणून प्रत्येकाने थोडा जादा वेळ थांबावयाचा असतो, आणि तो वेळ २५६ मधून आपला अग्रक्रम वजा करून बाकीला २५६ ने भागून काढावयाचा. अग्रक्रम १०० असलेला राउटर सुमारे ३.६१ सेकंदांनी उठतो, २०० असलेला सुमारे ३.२२ सेकंदांनी, म्हणजे श्रेष्ठ उमेदवार आपोआप आधी उठतो. येथे श्रेष्ठाने कनिष्ठाकडून पद परत घ्यावे हाच मूळ नियम आहे, आणि मुख्य राउटरला स्वेच्छेने निवृत्त व्हावयाचे असल्यास तो शून्य अग्रक्रमाची द्वाही देऊन राजीनामा कळवितो. सिस्को कंपनीच्या एचएसआरपीत काम हेच, परंतु पद परत घेण्याची मुभा मुद्दाम दिल्याखेरीज मिळत नाही.

अनेकांना एकाच वेळी धाडावयाच्या प्रवाहांसाठी असलेल्या पीआयएम संहितेतही नियुक्त राउटर आहे. तोही अधिक अग्रक्रमाच्या नवागतापुढे पद सोडतो. आणि रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली मांडलेल्या स्पॅनिंग ट्री पद्धतीत स्विचांमधील मूळ स्विच निवडताना सर्वांत लहान क्रमांकाचा विजय होतो, व त्याहून लहान क्रमांकाचा कोणी आला की मूळपद लगेच त्याच्याकडे जाते.

ही सर्व उत्तरे एकत्र ठेवून पाहिली म्हणजे त्यांतील बराचसा विरोध मावळतो. पद हस्तांतरित करण्याची किंमत जेथे जबर, तेथे बसलेल्याला अभय आणि पाठीशी सज्ज नायब. जेथे ती किंमत अल्प, तेथे श्रेष्ठाला मुक्तद्वार. स्पॅनिंग ट्रीत किंमत मोठी असूनही मुक्तद्वार ठेवले गेले, आणि म्हणूनच जाळ्याच्या व्यवस्थापकांना नवा स्विच लावताना आजही इतकी काळजी घ्यावी लागते.

मर्यादा

ओएसपीएफच्या रीतीमागे एक गृहीत आहे: माध्यमावरील प्रत्येकाला प्रत्येकाची हजेरी ऐकू येते. फ्रेम रिलेसारख्या जाळ्यांत, जेथे शाखांची गाठ केवळ मुख्य कचेरीशी असे, हे गृहीत ढासळे, आणि एखादी शाखाच नियुक्त होऊन बसली तर इतर शाखांची दफ्तरे अपुरी राहत. म्हणून शाखांना शून्य अग्रक्रम देणे तेथे अत्यावश्यक ठरले. स्विचांमधील दुवा तुटून माध्यमाचे दोन तुकडे झाले तर दोन्हीकडे स्वतंत्र नियुक्त होतात, कारण येथे बहुमताची अट नाही. डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांच्या २०१४ मधील राफ्ट पद्धतीसारख्या संहितांनी बहुमताखेरीज नेता होऊ नये असा दंडक घातला, कारण तेथील नेता निर्णय लिहितो आणि दोन निर्णय म्हणजे अनर्थ. ओएसपीएफचा नियुक्त केवळ वस्तुस्थिती नोंदवितो, आणि दोन तुकड्यांच्या दोन नोंदी दोन्ही खऱ्याच असतात, मात्र एकच पत्ता-प्रदेश दोन ठिकाणी जाहीर झाल्याने पाकिटे चुकीच्या तुकड्यात जाण्याचा धोका राहतो. तुकडे सांधले गेले की नियुक्त म्हणविणाऱ्या दोघांपैकी वरचढ राहतो आणि दुसरा उतरतो. हजेरीवरच सारे अवलंबून असल्याने खोटी हजेरी लावणाऱ्याचे भयही आहे, आणि त्यासाठी हजेरीवर गुप्त किल्लीची मुद्रा उमटविण्याची सोय आहे. आरएफसी ५७०९ ने २००९ साली ती अधिक भक्कम केली. चाळीस सेकंदांची प्रतीक्षा आज फार दीर्घ वाटते. २०१० साली प्रमाणित झालेल्या बीएफडी संहितेच्या साहाय्याने शेजाऱ्याचे पडणे सेकंदाच्याही आत कळू शकते. आणि जेथे माध्यमावर दोनच राउटर आहेत तेथे निवडणुकीचा उपचारच न करता दोघांनी सरळ दफ्तर जुळवावे, ही रीत आता सर्वमान्य होत चालली आहे.

समारोप

यंत्रांना न्याय कळत नाही, परंतु ज्यांनी यंत्रांचे नियम लिहिले त्यांना कारभार कळत होता, असे या संहिता वाचताना पदोपदी जाणवते. श्रेष्ठ कोण हे ठरविणे फारसे अवघड नाही. दोन आकड्यांची तुलना केली की झाले. अवघड आहे ते हे ठरविणे, की श्रेष्ठ दारात उभा असताना चालू असलेला कारभार त्याच्यासाठी थांबवावा की नाही. आणि ओएसपीएफने ‘थांबवू नये’ असे जे उत्तर दिले, त्याने व्यवस्थापकाच्या शिरावर एक कर्तव्य आपसूक येऊन पडते. संहिता जो मिळेल त्याला जपते. तेव्हा तिला योग्य तोच मिळावा ही तजवीज आधी झाली पाहिजे. जाळ्याचे पहिले बटण दाबण्यापूर्वी कागदावर दोन नावे लिहावी, एक नियुक्ताचे आणि एक नायबाचे. त्यांना मोठे अग्रक्रम द्यावे, आणि ज्यांनी कधीच दफ्तर धरू नये अशा प्रत्येकापुढे विचारपूर्वक शून्य लिहावे. त्यानंतर मध्यरात्री वीज गेली आणि पहाटे आली, तरी आधी कोणीही जागा झाला तरी दफ्तर अपात्राच्या हाती जात नाही.